चौथं भोक

टेलिफोन दुरुस्तीचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, तरी डायलवालीच्या टेबलावरचा दिवा काही निवृत्त झाला नव्हता. कारखान्यात तिने बावीस वर्षं फक्त डायल उघडले आणि मिटले, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटाबरोबर रद्दीत गेलं असणार. आता सत्तरीच्या या बाईला जुने तबकडीचे फोन जमवणारे हौशी लोक सुटे भाग दाखवायला येत आणि हा कोणत्या सालचा, असं विचारत. एका गृहस्थांनी अगदी अस्सल म्हणून मिरवत आणलेला काळा फोन तिने उलटा केला, नखाने दोन ठिकाणी टोकरून पाहिलं आणि सांगितलं, की अंग आजोबांचं आहे, डायल नातवाचा आणि रिसीव्हर कुणा शेजाऱ्याचा. गृहस्थ चहा न घेताच गेले. तिच्या जिभेला हाड नव्हतंच कधी.

एक गोष्ट मात्र ती प्रत्येकाला बजावून सांगे. डायलच्या पोटातलं छोटं दातेरी चाक सदुसष्ट सालाआधीचं असेल तर त्याला तीन भोकं, नंतरचं असेल तर चार. चार भोकांचं चाक केसभर जाड असतं. ते जुन्या डायलमध्ये घातलं तर आठ-दहा दिवस गुमान चालतं, मग तबकडी परत येताना मध्येच अडकते. आणि तबकडी पुरती जागेवर आली नाही, की फोन मुका होतो. ना इकडचा आवाज तिकडे जातो, ना तिकडचा इकडे. हे सांगताना तिचा आवाज इतका कडक होई की लोकांना वाटे, बाईचं काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतंच, तेहतीस वर्षांपूर्वी. घरचा फोन तिने एका रविवारी दुरुस्त केला आणि अकराव्या दिवशी दुपारी बाबांच्या छातीत कळ आली. ते सापडले तेव्हा रिसीव्हर हातात होता आणि तबकडी अर्ध्यावर थांबलेली होती. कारखाना दोन गल्ल्या पलीकडे. फोन लागला असता तर ती पाच मिनिटांत पोचली असती. धाकटा भाऊ घरातच होता, पण मला झोप लागली होती, काही ऐकू आलं नाही, असं त्याने सांगितलं. बाबांना पोचवून आल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला की ताईच्या फोनने बाबांचा घात केला. तीही तडकली. माझ्या हातचं काम बिघडत नाही, माझ्यामागे तुम्ही कुणाकडून तरी उघडून घेतलं असणार, आण तो फोन, आत्ता दाखवते. भावाने फोन कपाटात कुलूपबंद केला. ती मागत राहिली, तो देईना. पुढे दोघांचं बोलणंच तुटलं.

या तेहतीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही की तिने तो डायल मनातल्या मनात उघडला नाही. लोकांना वाटे, बाईला केवढा हा नाद! नाद कसला, जीव टांगणीला लागला होता. लोकांच्या फोनांची सालं सांगता सांगता ती एकाच फोनची वाट बघत होती.

आणि परवा सकाळी खोकं आलं. वर भावजयीच्या अक्षरात पत्ता, आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला फोन आणि भावाची चिठ्ठी: घर सोडतोय, कपाटं रिकामी करतोय. ताई, आता तूच उघडून बघ. खाली त्याचा नंबर.

दोन दिवस तिने खोक्याला हात लावला नाही. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तिसऱ्या दिवशी दुपारी दाराला कडी घालून ती टेबलाशी बसली.

तिने फोन पालथा घातला. तळाशी खरवडलेली चंद्रकोर, तिची खूण, आणि पुढे महिना व साल. दुसऱ्या कुणाची खूण असू दे, असं ती इतकी वर्षं मनोमन घोकत आली होती. नव्हती. कारखान्याची रीत अशी, की काम झालं की डायलच्या स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका द्यायचा. कुणी उघडलं तर ठिपका फुटतो. ठिपका शाबूत होता. तिच्यामागे या डायलला कुणी हात लावला नव्हता.

तिने ठिपका फोडला. डायलच्या पाठीवर एकसष्टचा शिक्का होता, म्हणजे चाक तीन भोकांचं हवं. ते तिने चिमट्याने उचलून दिव्याखाली धरलं. एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं. तीनच. तिला एकदम रडू आलं, मोकळं, सुटल्यासारखं. माझी चूक नव्हती बाबा, असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा.

डोळे पुसून तिने डायल जोडला आणि कारखान्याचा जुना नंबर फिरवला. शेवटच्या नऊवरून परत येताना तबकडी सात आणि आठच्या मध्ये थांबली. तिथेच राहिली.

चाक पुन्हा काढून तिने रॉकेलच्या वाटीत टाकलं आणि ब्रशने घासायला घेतलं. तीन भोकांच्या समोरच्या बाजूला वाळून दगड झालेल्या ग्रीसचा एक काळा कण सुटला आणि तळाशी गेला. तिथे चौथं भोक होतं.

मग तिला तो रविवार आठवला. कारखान्यात धुवायला टाकलेल्या ग्रीसभरल्या चाकांच्या परातीतून आदल्या संध्याकाळी तिने एक चाक उचलून खिशात टाकलं होतं. खिशातल्या खिशात नखाने भोकं मोजली होती, न बघता. न बघता मोजण्यात तिचा हातखंडा होता. त्याचं सगळ्या कारखान्यात कौतुक होतं. बसवतानाही तिने भोकांकडे पाहिलं नाही, कारण नखाने सांगितलं होतं तीन.

आता जगायचं कशासाठी, असं तिला स्पष्ट वाटलं. खोटं सांगणं सोपं होतं. हे चाक ओळखणारं दुसरं कोण उरलं होतं? तिने मोबाइल उचलला आणि भावाला लावला.

"ताई बोलतेय," ती म्हणाली. "उघडला. चाक चुकीचं होतं. मीच बसवलेलं. तू म्हणत होतास तेच खरं."

फोन बंद पडला की काय म्हणून तिने कानापासून काढून पाहिला.

"मी झोपलो नव्हतो," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. "शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. बाबा फोनवर बोलत होते, मला ऐकू येत होतं. बाळ, लवकर ये, छातीत दुखतंय, असं म्हणत होते. तीनदा म्हणाले. मला वाटलं, तू ऐकतेयस. तू निघालीस. म्हणून मी उठलो नाही."

तिने वाटीतलं चाक उचललं.

"तुझं काम बरोबर निघालं असतं तर सगळं माझ्या एकट्यावर आलं असतं," तो म्हणाला. "म्हणून दिला नाही तुला."

बाळ ही हाक बाबा एका तिलाच मारत. तिने चाक मुठीत घट्ट धरलं होतं. चारही भोकं तळव्यात उमटली असतील. पलीकडे भाऊ रडत होता आणि तिला ते स्वच्छ ऐकू येत होतं. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.