ताईने विणलेलं स्वेटर

मंडळी, आज माझ्या हातून फार वाईट चूक झाली.

लहानपणी आमच्या मसोली गावी कुणाचं स्वेटर आखूड झालं की आई ते उसवायची. मी दोन्ही हात पुढे धरून बसायचे, ताई त्यावर लोकर गुंडाळायची. मग त्याच लोकरीचं मोठं स्वेटर व्हायचं.

ताईला जाऊन दोन महिने झाले. आज आशागडला तिच्या घरी गेले, तर भाचीचं स्वेटर आखूड झालेलं दिसलं. सवयीने उसवायला बसले.

पोर शाळेतून आली आणि लोकरीचा गुंडा बघून थिजली. "मावशी, आईने विणलेलं ते एकच होतं गं."

लोकर सगळी आहे. पण ताईचे टाके सैल पडायचे, माझे घट्ट पडतात. तिच्यासारखं सैल विणायला कोणी शिकवाल का?