चुन्याच्या टिकल्या

रिसोडच्या वाटेवरच्या नदीवर १९३१ साली चार कमानींचा पूल झाला आणि चौथ्याच वर्षी त्याच्या मधल्या खांबाला तडा गेला. तडा वाढतो आहे की नुसताच आहे, हे पाहायला चंपत गवंड्याची नेमणूक झाली. काम सोपे होते. तड्यावर आडव्या चुन्याच्या टिकल्या मारायच्या, ओल्या चुन्यात तारीख कोरायची. टिकली फुटली तर तडा हलला. शाबूत राहिली तर पूल शाबूत.

पहिल्याच पावसाळ्यात सातही टिकल्या फुटल्या. चंपतने त्या ओव्हरसियर नानाजींना दाखवल्या. नानाजींनी बारकाईने पाहून चुना कच्चा ठरवला. इंजिनियरसाहेब येण्याआधी नव्या मारायला लावल्या. तारखा मात्र जुन्याच. पुढे ही रीतच पडली. दर हिवाळ्यात साहेब खाली उतरत आणि चार दिवसांच्या टिकल्यांना वर्षभर टिकल्याबद्दल शाबासकी देत. चंपतने एकदा तोंड उघडून पाहिले. पण साहेबांना वऱ्हाडी समजत नव्हती, आणि समजावून सांगायला नानाजीच होते.

मग त्याने ते फक्त बायकोला सांगितले. आवडाबाई भाजीची टोपली घेऊन रिसोडच्या बाजाराला जाई. ती पुलाखालून, गुडघाभर पाण्यातून जाऊ लागली. लोकांनी कारण विचारले नाही. पूल पाहणाऱ्याची बायको पाण्यातून जाते, एवढे त्यांना पुरले. महिन्याभरात भरल्या बैलगाड्याही नदीत उतरू लागल्या. पुलाचा अहवाल कोणी वाचला नव्हता. आवडाबाईचे ओले लुगडे सगळ्यांनी वाचले.

नानाजींनी चंपतला बोलावून घेतले. पूल ओस पडल्याचे वर कळले तर चौकशी लागेल, तेव्हा बायकोने वरून जावे. नाही तर चंपतने घरी बसावे, आणि पंचक्रोशीत दुसरे काम मिळेल ही आशाही सोडावी.

आवडाबाई वांगी निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"तडा बुजला का?"

"नाही."

"साहेबाले समजलं?"

"नाही."

"मंग बदललं काय?"

"हुकूम आला," चंपत म्हणाला.

तिने एक किडके वांगे बाजूला टाकले. "टोपलं पुलाले जड झालं त सांगजो."

बाजाराच्या दिवशी ती वरून गेली. तिच्यामागे माणसे, माणसांमागे गाड्या. चंपत खाली मधल्या खांबाला हात टेकून उभा होता. पूल हाताने धरून राहत नाही, हे गवंडी असल्यामुळे त्याला चांगले ठाऊक होते. डोक्यावरून शेवटची गाडी गेली तेव्हा बोटांखाली कालची टिकली चरकन फुटली.

त्याने चुन्याचे घमेले जवळ ओढले, नवी टिकली मारली आणि तीवर गेल्या वर्षाची तारीख कोरली.