डोक्यावरचे दोन दिवे

गुहेत जायचं ठरलं आणि माझं डोकं फिरलं ते दिव्यापायी. झरी जामणीकडच्या जंगलात चुनखडीची एक गुहा आहे, तिथं आमचा यवतमाळचा हौशी गट रविवारी उतरणार होता. डोक्याला लावायचा दिवा ज्याचा त्याने आणायचा. मी मोबाइलवर शोधायला बसले, तर लुमेन काय, बीम काय, पाण्यात किती टिकतो काय! पाचशे लुमेन म्हणजे आमच्या ट्यूबलाइटपेक्षा जास्त की कमी, हेही कळेना. वैतागून एक नवा मागवला. तेवढ्यात गटातल्या एका काकांनी त्यांच्याकडचा जुना, खाणीतला दिवा देऊ केला. टोपीवर दिवा, कमरेच्या पट्ट्याला विटेएवढी बॅटरी, मध्ये जाड वायर. आता दिवे दोन झाले आणि गोंधळ दुप्पट.

दोन्ही घेऊन मी राजूरला बाबांकडे गेले. बाबा कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. दिव्याचं त्यांना नाही विचारायचं तर कोणाला? खरं तर दिवा हे निमित्त होतं. मी नवऱ्याचं घर सोडून एकटी राहू लागले, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत, पण तोंड दुसरीकडे करून. जेवली का, हेसुद्धा भिंतीला विचारत. त्यांचा राग गेला की नाही, एवढंच मला हवं होतं आणि तेच विचारायची हिंमत होत नव्हती.

कोठीच्या खोलीला खिडकी नाही. दिवे पारखायला अंधार हवा म्हणून दार लावून फटीत पोतं कोंबलं. बाबांनी जुना चढवला, मी नवा. जुन्याचा उजेड पिवळसर, मधोमध गोळा झालेला. नव्याचा पांढराफटक, खोलीभर. जुन्याने मान अवघडते. नवा हलका, पण त्याला एकच बटण. दाबलं की मंद, मग प्रखर, मग लाल, मग लुकलुकतो, आणि बंद कसा करायचा ते सोबतच्या कागदावरही धड नव्हतं. कोणता बरा, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, जुना भरवशाचा. थोड्या वेळाने म्हणाले, नवाच ने, नाही तर मान धरेल. मग पुन्हा जुन्याची तारीफ. झालं कल्याण.

काहीतरी विचारायला मी त्यांच्याकडे वळले, तर त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"उजेड तोंडावर नको मारू. खाली खाणीत मान वळवूनच बोला लागते. नाही तं समोरचा आंधळा होते."

मी तशीच उभी राहिले. म्हणजे तोंड फिरवणं ही खाणीची सवय होती? पण मी शाळेत असताना ते माझ्याकडे बघून बोलत होते की नाही? आठवायला गेले, तर काहीच आठवेना. जे आठवत होतं तेही खरं वाटेना. शेवटी दिवा भिंतीकडे करून विचारून टाकलं.

"बाबा, माह्याशी बोलतानी तुमी तोंड फिरवता, ते खाणीनं का रागानं?"

बाबा कमरेच्या बॅटरीचा पट्टा सैल करू लागले. उगाच विचारलं, असं मला झालं.

"राग होता," ते म्हणाले. "आता सवय किती अन् राग किती, मलेच समजत नाही."

मग त्यांनी आपला दिवा बंद केला आणि मलाही बंद करायला सांगितलं. माझा आधी लाल झाला, मग लुकलुकला, मग एकदाचा विझला. डोळ्यांपुढचा हातही दिसेना.

"आता पाहून राह्यलो तुह्याकडे," ते म्हणाले.

पाहत होते की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. मी मात्र मान वळवली नाही.