बाबांचा नट जर्मन बोलला

मंडळी, आज आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही.

दुपारी बातमी आली, बाबांचा लाडका ब्रिटिश नट गेला. बाबा पुण्याहून म्युनिकला आमच्याकडे आलेत. जन्मभर हौशी नाटकांत कामं केली आणि गुरू मानलं ते या माणसाला. राजा, नोकर, खुनी, विदूषक, नाटक असो की सिनेमा, चेहरा दरवेळी नवा. बाबा म्हणायचे, "डोळे मिटले की मगच तो ओळखू येतो. आवाज तेवढा एकच."

संध्याकाळी टीव्हीवर त्याचा सिनेमा लागला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले. नटाने तोंड उघडलं आणि अस्खलित जर्मन! इथे सगळं डब करतात, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की बाबांना आधी सांगायचं लक्षातच आलं नाही.

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतःच त्याचे इंग्रजी संवाद म्हणायला लागले. सगळे पाठ! आवाज कापत होता, पण लय अगदी त्याचीच.

माझी सात वर्षांची सई रडवेली झाली. त्या जर्मन आवाजातच तिने त्याचे सिनेमे पाहिलेत. जर्मनमध्येच ओरडली, "नाइन, नाही आजोबा! हा त्याचा आवाज नाहीये!"

बाबांना जर्मन येत नाही. "काय म्हणतेय गं?"

"आवडलं म्हणतेय," मी म्हणाले.

बाबा डोळे पुसून आणखी जोरात म्हणू लागले. सईने कानांवर हात ठेवले.

तुम्ही खरं सांगितलं असतंत?