नववी ब चं मंत्रिमंडळ आणि वॉटर पार्कची बस

वर्गात मी फारशी बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, आणि मग किस्से आपोआप साठत जातात. बाकी वर्गांना विनोद करावे लागतात. आमच्याकडे मंत्रिमंडळ आहे!

नागरिकशास्त्र नीट समजावं म्हणून आमच्या वाघ सरांनी जूनमध्ये निवडणूक घेतली. ओंकार पंतप्रधान झाला, सानिका अर्थमंत्री. दर महिन्याला प्रत्येकाने वर्गनिधीत पैसे टाकायचे आणि वर्षअखेरीस त्यातून वॉटर पार्कला जायची बस करायची, असं ठरलं. माझ्या बाकावर बसणारी पल्लवी पेठ तालुक्यातली. शिकायला नाशिकला मावशीकडे राहते. तिने वॉटर पार्क कधीच पाहिलेलं नव्हतं. दर सोमवारी ती मला कानात विचारायची, "बसपुरते झाले असतील का गं?"

*

निधी जमायला लागल्यावर ओंकारला वाटलं, हा उधळला जाऊ नये. म्हणून त्याने काटकसर समिती नेमली.

समितीच्या पहिल्याच बैठकीत सगळ्यांसाठी समोसे आले. अर्थातच निधीतून!

"अरे, पण काटकसर?" पल्लवीने विचारलं.

ओंकार तोंडातला घास संपवून म्हणाला, "उपाशीपोटी काटकसर सुचत नाही!"

*

पूर्वी आमच्या वर्गाचा फळा ज्याला आधी दिसेल तो पुसायचा. मंत्रिमंडळ आल्यावर त्यासाठी स्वच्छतामंत्री आला, त्याच्या हाताखाली फळा-उपमंत्री आला आणि दोघांसाठी निधीतून नवीन डस्टर आले.

एकदा उपमंत्री तापाने घरी होता. फळ्यावर आदल्या दिवशीचं बीजगणित तसंच. मराठीच्या बाई कोपऱ्यात मावेल तेवढं लिहीत होत्या. शेवटी पल्लवी उठली आणि आपल्या रुमालाने फळा पुसून आली.

मधल्या सुट्टीत स्वच्छतामंत्री आमच्या बाकापाशी आला. "माझ्या खात्यात परस्पर हात घालायचा नाही हं!"

"मग तू का नाही पुसलास?"

"मी मंत्री आहे," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

*

डिसेंबरात शाळेत आनंद मेळावा असतो. मुलं खाण्याचे स्टॉल लावतात, आणि खरेदी पैशांनी नाही, कूपनांनी होते. आमच्या वर्गाची कूपनं सानिकाकडे होती. सकाळी दहालाच ती संपली आणि लोक हात हलवत परत जायला लागले.

सानिका हुशार. ती पळत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि गठ्ठाभर कूपनं काढून आणली. मुलांना ती फुकट वाटून टाकली. सगळे खूश! जो तो म्हणत होता, अर्थमंत्री असावी तर अशी!

जेवणाच्या वेळेपर्यंत एका कूपनाचा वडापाव चार कूपनांचा झाला होता. ज्यांनी सकाळी पैसे देऊन कूपनं घेतली होती, ते खिशातल्या कूपनाकडे बघत उभे राहिले.

सानिका चिडून म्हणाली, "हे वडापाववाले किती लोभी आहेत!"

*

त्याच मेळाव्यात ओंकारच्या ग्रुपने मॉकटेलचा स्टॉल लावला होता. बर्फाच्या लाद्या, रंगीत सरबतं, छोट्या छत्र्या, आणि नाशिकचा डिसेंबर! गिऱ्हाईकं स्वेटर घालून, हात चोळत समोरून जायची. शेजारी पल्लवी आईने पाठवलेले नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड भाजून देत होती. शेकोटीपाशी जमावी तशी तिच्या शेगडीपाशी गर्दी झाली. पापड दुपारीच संपले.

मॉकटेल बुडालं. तातडीची बैठक बसली.

"हा साधा स्टॉल नाही," ओंकार गंभीरपणे म्हणाला. "हा बुडाला तर वर्गाचं नाव बुडेल!"

म्हणून तो निधीतून वाचवायचा ठरला. निधी पुरेना, तेव्हा पल्लवीच्या नफ्यातून 'विशेष योगदान' घेतलं.

"म्हणजे पापड खपले म्हणून मला दंड?"

सानिका समजुतीने म्हणाली, "दंड नाही गं, जबाबदारी."

घरी हे सांगितलं तेव्हा माझा मामा, ज्याचं पंचवटीत हार्डवेअरचं दुकान आहे, नुसता म्हणाला, "स्वतःचे पैसे असते ना, तर त्याला आधी स्वेटर दिसले असते."

*

मार्चमध्ये बस ठरवायची वेळ आली आणि निधी रिकामा निघाला.  पल्लवी नुसती वहीचा कोपरा दुमडत राहिली.

सानिका मात्र शांत होती. "बसवाले काका उधारीवर यायला तयार आहेत. पैसे जूनमध्ये द्यायचे."

"जूनमध्ये कुठून आणणार?" मी विचारलं. वर्षभरातला माझा हा पहिलाच जाहीर प्रश्न.

"आपण कशाला आणू? कर्ज नववी ब चं आहे. जूनमध्ये आपण दहावीत असू. नववी ब म्हणजे आत्ताची आठवी ब!"

टाळ्या पडल्या. वाघ सर चष्मा पुसत म्हणाले, "ज्यांनी फेडायचं, त्यांना निदान विचारून तरी या."

कोणीच उठेना. शेवटी पल्लवी उठली. "मी जाते. ते नाही म्हणाले, तर मी त्या बसमध्ये बसणार नाही."  तिला एकटीला कसं सोडणार, म्हणून मीही गेले.

आमचं बघून आठवी ब नेही मंत्रिमंडळ केलं होतं. त्यांची पंतप्रधान म्हणजे दोन वेण्यांची, दातांना तार लावलेली एक चिमुरडी. पल्लवीने तिला सगळं खरं खरं सांगितलं, दोनदा माफी मागितली आणि म्हणाली, "नाही म्हणालीस तरी चालेल."

चिमुरडीने क्षणभरही विचार केला नाही.

"चालेल की ताई! आमच्या सहलीची उधारी आम्ही सातवी ब च्या नावावर टाकलीय. तुमची पण त्यातच टाकते!"