मऊ चाकांची बाई

वरवंडजवळ कालव्याकडेच्या रस्त्यानं मी रोज सकाळी खड्डे मोजत चालतो. नवं डांबर पडावं म्हणून माझे तीन अर्ज पंचायतीत धूळ खात पडलेत.

त्याच रस्त्यावर एक पन्नाशीची बाई लाँगबोर्डवर, म्हणजे चार चाकांच्या लांब फळीवर, उभी राहून जाताना दिसायची. कंपनीचा निळा शर्ट, कमरेला आवळलेली ओढणी. उसाची ट्रॉली आली की खाली उतरायची, सांडलेली टिपरं पायानं कडेला सारायची आणि एक पाय जमिनीला रेटून पुन्हा अलगद निघायची. कालव्याचं पाणी जावं तशी. मी बघतच राहायचो.

एकदा ती बोर्डाची चाकं बदलत बसली होती. पेरू पिकलाय का बघावं तसं प्रत्येक चाक अंगठ्यानं दाबत होती.

"असल्या रस्त्यावर जमतं कसं, ताई?"

"आधी कडक चाकं व्हती, आबा. खडा आला की तोंडावर पडायचे. लई दिस रस्त्याला शिव्या घातल्या. मग मऊ चाकं घेतली. खडं गिळत्यात ही."

नट पाव फेरा आवळून ती उठली आणि त्याच खडीवरून सरळ निघून गेली.

चौथा अर्ज खिशात होता. तो दिलाच मी. पण घरी येताना खड्डे मोजायचे राहून गेले.