धारेवरची सपाट जागा

स्पितीतल्या शेवटच्या गावात चहा घेताना मी आणि माझी मैत्रीण सुधा नकाशा पसरून बसलो होतो. आम्ही चढणार होतो त्याच शिखरावरून नुकतेच उतरलेले एक वयस्कर गिर्यारोहक शेजारी येऊन बसले. पाणी कुठे मिळेल, बर्फ कुठे पोकळ आहे, सगळं त्यांनी पेन्सिलीने दाखवलं. मग धारेवरच्या एका जागी त्यांची पेन्सिल थांबली.

"इथे मुक्काम करू नका. जागा सपाट आहे, वाराही लागत नाही. पण सकाळी आमच्या तंबूभोवती बर्फात पावलं उमटलेली होती. नुसती गोल फिरलेली. कुठून आली नव्हती, कुठे गेली नव्हती."

अशा आडबाजूच्या शिखरांची माहिती परत आलेल्यांकडूनच मिळते. जे परतलेच नाहीत त्यांना काय दिसलं होतं, हे विचारायचं कुणाला?

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही तिथे पोचलो. दोघींचेही पाय पार थकले होते. ताज्या बर्फावर एकही खूण नव्हती.

"काहीच तर नाहीये इथे," सुधा म्हणाली. पण म्हणाली ती अगदी कुजबुजत, आणि मीही पाऊल न वाजवता पुढे निघाले.